पावाच्या टेम्पोचं इंजिन

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय भोंग्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, सोबतचं गाडीच्या कारखान्याचं पुस्तकही पोचलं. पाकीट इतकं जाड होतं की पोस्टमनने विचारलं, कोर्टाची नोटीस आहे का. मी म्हटलं, नाही हो, भावाचं पत्र आहे. तो म्हणाला, मग एकच.

इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात पण चालतात. दुकानही तसंच. हल्ली गाडीच्या गाद्या शिवून घेणारे कमी झाले. तयार कव्हर आणायचं आणि उशीला अभ्रा घालावा तसं चढवायचं. तरी महिन्याकाठी दोन-चार शहाणे येतात. परवा एका न्हाव्याने त्याच्या दुकानातली फिरती खुर्ची आणली. शिवून दिली, तर आता तक्रार करतो की गिऱ्हाईक उठतच नाही.

चार वर्षांत तुझ्याकडून वाढदिवसाला दोन ओळींचा निरोप यायचा, फुलांच्या चित्रासकट. आता एकदम हाताने लिहिलेलं पाठपोट पत्र. पहिला परिच्छेद वाचून वाटलं, आला माझा भाऊ ताळ्यावर. दुसऱ्या परिच्छेदात कळलं की पत्र गाडीला आहे, मला नाही. तरी मी ते दोनदा वाचलं. अक्षर अजून बाबांसारखंच आहे तुझं, डावीकडे झुकलेलं.

तर तुझं म्हणणं मला समजलं ते असं. तुमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचा मेळावा मार्चमध्ये आहे. त्यात ‘मूळ स्थितीतल्या गाड्या’ असा एक गट असतो. कारखान्यातून निघताना जी जशी होती तशीच पाहिजे, खिळासुद्धा बदललेला चालत नाही. एरवी तू तिथे परीक्षक असतोस, पण यंदा तू बाजूला होणार, कारण तुला आपली गाडी उतरवायची आहे. आणि त्यासाठी तुला विचारायचं आहे की जुनं इंजिन मी भंगारात घातलं का, नसेल तर ते कुठे आहे, आणि गाद्या पुस्तकातल्या फोटोप्रमाणे परत शिवून मिळतील का.

उत्तर द्यायच्या आधी मला थोडं बोलू दे. गेल्या वेळी तू बोलूच दिलं नव्हतंस.

पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आधी तू बॉनेट उघडलंस. मी आत चहा टाकत होते, तिथे तुझा आवाज आला, “बाबांच्या गाडीत पावाचा टेम्पो घुसवलास!” अख्ख्या गल्लीने ऐकलं. मग बॉनेट आपटलंस आणि आलास तसा निघून गेलास. दोघांचा चहा मी एकटीनेच प्यायले. तुझ्या मागे धावले नाही, कारण मीही बाबांचीच लेक. राग आला की आपल्या घरात कोणी कोणाच्या मागे धावत नाही, तिथेच बसून कुढतो.

तर ऐक. तुझे भाऊजी गेल्यावर गाडी वर्षभर शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. तिच्याकडे बघवत नव्हतं. दर रविवारी तिच्याखाली त्यांचे पाय दिसायचे ते आता दिसत नव्हते. शाळेत गणित शिकवणारा माणूस, पण हाताला ग्रीस नसेल तर त्यांना जेवण गोड लागायचं नाही. लोक घरजावई म्हणून चिडवायचे तर हे म्हणायचे, घरजावई नाही, गॅरेजजावई. मग एक दिवस मला एका गिऱ्हाइकाकडे गाद्या पोचवायच्या होत्या, टेम्पोवाला आला नाही, आणि मी ताडपत्री ओढली. गाडी चालू झाली. पण आतून टक-टक असा आवाज. कोणीतरी आत बसून दार वाजवतंय असा.

मागच्या गल्लीत एक गॅरेज आहे, तू लहान होतास तेव्हा तिथे लाकडाची वखार होती. त्या गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात. कारण ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात आणि मग रोग्याचं काय होणार ते सांगतात. त्यांनी आपल्या गाडीला तसंच तपासलं. म्हणाले, “क्रँकची बेअरिंग गेलीत. नवीन मिळत नाहीत, कारखानाच बंद पडला. असंच दामटलं तर महिन्याभरात आतून फुटेल, मग देव आला तरी जुळणार नाही. बाहेर काढून नीट ठेवलं तर उद्या कधीतरी कोणाला तरी बेअरिंग सापडतील.”

तेव्हा इंजिन काढलं ते वाचवायला काढलं. हे मला तुला त्या दिवशी सांगायचं होतं.

त्यांच्याकडे एका पाववाल्याचा टेम्पो पडून होता. पत्रा सगळा सडलेला, पण इंजिन ठणठणीत. ते आपल्या गाडीत बसवायचं ठरलं तेव्हा त्यांनी अट घातली. मी नाही, त्यांनी. म्हणाले, “नवीन भोक पाडायचं नाही.” गाडीच्या अंगावर जी भोकं कारखान्याने पाडली तीच वापरायची. जिथे बोल्ट जुळणार नाही तिथे लोखंडी पट्टी घडवायची, वाकवायची, पण पत्र्याला ड्रिल लावायचं नाही. म्हणजे जे जे बसवलं ते ते उद्या काढता येईल आणि खाली जुनी गाडी जशीच्या तशी असेल. त्या पट्ट्या घडवण्यात त्यांचे कितीतरी दिवस गेले. मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, पाडा की दोन भोकं. तर असे बघायला लागले माझ्याकडे, जसं काही मी त्यांच्याच पोटाला भोक पाडायला सांगत होते.

अर्थात फार शहाणे आहेत असं समजू नकोस. टेम्पोच्या वायरी जोडताना त्यांनी काय घोळ घातला कोण जाणे, गाडी डावीकडे वळवली की हॉर्न वाजायचा. उजवीकडे काही नाही, फक्त डावीकडे. जवळजवळ तीन वर्षं हे चाललं. बाजारात जायला मला तीन डावी वळणं. भाजीवाली माझा हॉर्न ऐकून माझी जुडी बाजूला काढून ठेवायची. डॉक्टर दर रविवारी हॉर्न दुरुस्त करायला यायचे, दोन तास गाडीखाली जायचे आणि पुढच्या रविवारी बघतो म्हणून परत जायचे. एवढा कानाचा पक्का माणूस, आणि एक वायर सापडू नये!

स्वभाव तसा चांगला आहे. बोलतात मात्र फार. स्वतःच्या केसांचा भारी अभिमान, अजून एकही गळला नाही म्हणतात. माझा चहा पाणचट आहे असं तोंडावर सांगतात आणि दोन कप पितात. काम करताना गातात, बेसूर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एक मुलगी आहे, लग्न होऊन गेली. आणखी एक गंमत सांगते. सगळी गल्ली मला ताई म्हणते, तो पोस्टमनसुद्धा, जो माझ्यापेक्षा मोठा असेल. डॉक्टरांनी एकदाही म्हटलं नाही. आधी मॅडम म्हणायचे. मग ते सुटलं. आता काहीच म्हणत नाहीत, सरळ वाक्य सुरू करतात.

असो. कुठल्या कुठे गेले. मुद्दा इंजिनाचा. ते शेडमध्ये लाकडी घोड्यावर ठेवलंय, वर मी शिवलेली जाड खोळ. डॉक्टर महिन्यातून एकदा हँडल लावून ते हाताने फिरवतात, म्हणजे आतून गंजून धरणार नाही. काढलेला प्रत्येक भाग डब्यांत आहे आणि प्रत्येकाला मी कापडी चिठ्ठी शिवलीय, हा कुठला ते लिहून. तेव्हा ती काळजी सोड.

आता गाद्या. तू खूण केलेलं पान मी भिंगाखाली बघितलं. करड्या रंगाचं कापड, उभ्या बारीक पट्ट्या. चांगलं आहे, शिवायला अवघडही नाही. पण भोंग्या, तुला खरंच तेच हवंय का?

आपल्या मरून रेक्झिनच्या गाद्या बाबांनी शिवल्या. गाडी तिसऱ्या हाताची आली होती आणि तू चार वर्षांचा होतास. मी बारा. दोऱ्याला मेण लावायचं काम माझं. त्या एका गादीवर मी जे शिकले त्यावर आजवर पोट भरतेय. मागच्या गादीच्या बरोबर मधून त्यांनी पांढऱ्या दोरीची पायपिंग घातली, तिची काही गरज नव्हती. आईने विचारलं तर म्हणाले, ही सीमा. अलीकडे हा, पलीकडे ही. आठवतं का, तुझी करंगळी कायम पायपिंग ओलांडून असायची आणि मी ओरडायचे, बाबा, घुसखोरी! उन्हात रेक्झिन तापलं की मांड्या चिकटायच्या, उठताना चर्रकन आवाज व्हायचा आणि तू रडायचास. घराच्या गल्लीत वळताना बाबांनी हॉर्न वाजवायच्या आत तू तोंडाने वाजवायचास, म्हणून तर भोंग्या. आई पुढे बसून मान न वळवता मागे हात करायची आणि ज्याला लागेल त्याला एक चापट. बहुतेक मलाच लागायची.

कारखान्याच्या पुस्तकात ही गादी नाही. हे उसवायला तू मला सांगतोयस. माझ्याने होईल की नाही, मला माहीत नाही.

एकदा येऊन जा. माझ्यासाठी नको, गाडीसाठी ये म्हटलं तरी चालेल, मी मानापमान सोडून दिलाय. फक्त तेवीस जानेवारीच्या आत आलास तर बरं. का, ते आल्यावर सांगेन.

तब्येतीला जप. रात्री चष्म्याशिवाय गाडी चालवू नकोस.

तुझी,
ताई


गुरुवार, २० नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. इंजिन भंगारात गेलेलं नाही हे वाक्य मी उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसलो. तुझ्यासारखं मला लिहिता येत नाही, तेव्हा जमेल तसं लिहितो.

बेअरिंग मिळतील. मंडळातल्या एकाने त्याच मापाची करून घेतली आहेत, एक जोड त्याच्याकडे शिल्लक आहे. मी धरून ठेवायला सांगितलंय. तुझ्या डॉक्टरांना सांग, नुसतं हँडलने फिरवून भागत नाही. प्लग काढून प्रत्येक भोकातून थोडं तेल सोडलं पाहिजे, मग फिरवायचं. कार्ब्युरेटर अजून इंजिनालाच लावलेला असेल तर तो काढून कोरडा ठेवायला हवा. इंजिन काढण्याचा निर्णय मात्र बरोबर होता. मीही तेच केलं असतं. हे मला चार वर्षांपूर्वी कळलं असतं, जर मी बॉनेटऐवजी आधी तुझ्याकडे बघितलं असतं.

पण मी का चिडलो, ते तुला माहीत नाही. तू समजलीस की नियमांमुळे. कॉलेजच्या पहिल्या वर्षीच्या सुट्टीत मी आणि भाऊजींनी ते इंजिन पूर्ण उघडलं होतं, आठवतं? स्वयंपाकघराच्या फरशीवर, आईच्या शिव्या खात. पिस्टन तिच्या परातीत ठेवले होते. भाऊजींनी सगळे नट आवळले आणि शेवटचा मला आवळायला दिला. म्हणाले, “पुरे म्हणजे कळेल तुला, मी सांगणार नाही.” मला कळलं. त्यानंतर माझ्या आयुष्यात कुठलंही काम पुरे झालं की नाही हे मी त्या नटावरूनच ओळखतो. तेव्हा बॉनेट उघडलं आणि तिथे दुसरंच इंजिन दिसलं, तर मला वाटलं, भाऊजींना काढून टाकलं. त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी आलो नव्हतो. त्यांचं मागे राहिलेलं माझ्यासाठी तेवढंच होतं.

गाद्यांचं. मला लहानपणी वाटायचं की गाड्या कारखान्यातून मरून गाद्या आणि मधली पायपिंग घेऊनच येतात. मोठेपणी ते पुस्तक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा वाटलं, पुस्तक चुकलं. परवा आमच्या अध्यक्षांशी बोललो. ते म्हणाले, सोपं आहे, त्या गाद्या काढून घरी ठेवा आणि करड्या लावा. नियमाप्रमाणे ते बरोबर आहेत. ‘मालकाच्या हौसेने केलेल्या प्रत्येक बदलाचे गुण वजा करावेत’ हे वाक्य नियमावलीत आहे आणि ते मी लिहिलेलं आहे. ते लिहिताना बाबा डोळ्यांसमोर नव्हते. मी अध्यक्षांना कळवतो म्हणालो. अजून कळवलेलं नाही.

आता एक विचारतो. तुझ्या पत्रात इंजिनापेक्षा डॉक्टरच जास्त आहेत. तेवीस जानेवारीला काय आहे? मी मूर्ख नाही, मला फक्त उशिरा कळतं. जे असेल ते सरळ लिही.

xxxxx xxxx xxxx

वर जे खोडलंय ते तू कागद उजेडात धरून वाचशीलच, म्हणून परत लिहितो. भाऊजींच्या जागी दुसरं कोणी बसलेलं मला बघवेल का, मला माहीत नाही. तुला दुखवायचं नाही. पण विचारलंस तर खोटं बोलणार नाही.

तुझा,
भोंग्या


मंगळवार, २ डिसेंबर

प्रिय भोंग्या,

आशीर्वाद. कागद उजेडात धरलाच होता. तू परत लिहिलंस ते बरं केलंस, खोडलेल्यात दोन शब्द लागत नव्हते.

सरळ लिही म्हणालास, तर सरळ. होय. तेवीस जानेवारीला सकाळी मी आणि डॉक्टर नोंदणी कचेरीत जाऊन सह्या करणार आहोत. हार-तुरे नाहीत, जेवणावळी नाहीत. सह्या करायच्या आणि घरी यायचं. गेल्या पत्रात हेच सांगायचं होतं, पण पेन प्रत्येक वेळी हॉर्नकडे वळत होतं.

कसं ठरलं विचारशील, तर काही विशेष नाही. एका रविवारी हॉर्नची ती वायर एकदाची सापडली. मी गाडी डावीकडे वळवून बघितली, आवाज नाही. म्हटलं, चला, सुटलो. घरी आले आणि दिवसभर करमेना. हॉर्न झाला, आता काही राहिलंच नव्हतं दुरुस्त करायचं. पुढच्या रविवारी ते नेहमीच्या वेळेला दारात उभे, हातात पाना नाही, काही नाही. म्हणाले, “आज काही बिघडलंय का?” मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, “मग मी जरा बसतो.” बसले. मग म्हणाले, “सगळी गल्ली तुम्हाला ताई म्हणते. मला ते कधीच जमलं नाही. का, ते तुम्हाला कळलं असेल.” मला कळलं होतं. मी तरी पण चहा टाकायला आत पळाले. या वयात माणूस पळतो म्हणजे बघ. त्यांच्या मुलीला कळलं तेव्हा ती म्हणाली, हे आम्हाला वर्षभरापूर्वीच समजलं होतं, एका वायरीला इतका वेळ लागत नाही.

तुझ्या शेवटच्या वाक्याचं मला वाईट वाटलं. नाही वाटलं असं म्हणणार नाही. दोन दिवस मी तुझं पत्र मशीनच्या खणात ठेवलं आणि त्या खणाकडे बघितलं नाही. मग राग आला. तो तुला सांगते, म्हणजे मोकळी होईन.

तू लांब राहिलास, म्हणून तुझ्या मनात हे घर जसंच्या तसं राहिलं. बाबा हॉर्न वाजवतायत, आई चापट मारतेय, भाऊजींचे पाय गाडीखालून दिसतायत. राहू दे, मला त्याचा हेवा वाटतो. पण मी इथेच होते रे. छप्पर गळलं तेव्हा पत्रे बदलले, नाहीतर खाली झोपता आलं नसतं. आई जिना चढेनाशी झाली तेव्हा तिची खोली खाली आणली आणि दुकान अर्धं केलं. भाऊजी गेल्यावर मी दोन ताटं काढायची सवय मोडली, ती मोडायला मला किती वेळ लागला ते तुला माहीत नाही. तू दर दोन-चार वर्षांनी यायचास आणि उंबऱ्यात उभा राहून म्हणायचास, हे असं नव्हतं. अरे, नव्हतंच! पण ज्याला रोज तिथे राहायचंय त्याने काय करायचं?

झालं. राग संपला.

भाऊजींच्या जागी कोणी बसत नाहीये. तेवढं मला समजतं. मला त्यांची रोज आठवण येते, आणि मला डॉक्टर आवडतात. दोन्ही एकाच दिवशी होतं, कधी कधी एकाच तासात. असं होऊ शकतं हे मलाच कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. परातीतल्या पिस्टनांची गोष्ट मी डॉक्टरांना वाचून दाखवली. मी शेवटच्या नटापाशी आले तशी ते म्हणाले, “परत वाचा.” मग नाक शिंकरत बाहेर गेले. तेलाचं त्यांना माहीत होतं, ते आधीपासून सोडतात. कार्ब्युरेटरचं मात्र राहिलं होतं. ते ऐकून त्यांचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी तो काढून, पुसून, कागदात गुंडाळून ठेवला आणि मला म्हणाले, तुमचा भाऊ बरोबर बोलतो पण फार उद्धट बोलतो. मी म्हटलं, ते घराण्यातच आहे.

आता जे सांगते ते नीट वाच. तुला कापडाचं माप कळवायचं म्हणून मी मागच्या गादीची एक कड उचकटली. खालच्या बाजूची, जिथे दिसत नाही तिथली, आणि टाके उसवले ते मोजून चारच. आत बघते तर मरून रेक्झिनच्या खाली करडं कापड. उभ्या बारीक पट्ट्या. तुझ्या पुस्तकातलं, तंतोतंत, रंगसुद्धा उडालेला नाही, कारण त्याला कधी ऊनच लागलं नाही. बाबांनी कारखान्याची गादी फाडली नव्हती. त्यावरूनच आपली चढवली होती. यातून काही बोध काढू नकोस. जुनं उसवायचा बाबांना कंटाळा होता, आणि खाली कापड असलं की गादी मऊ लागते, हे गाद्या शिवणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. मीही तेच करते. तरी मी तिथे खाली फरशीवर बसून किती वेळ त्या कोपऱ्यात बोट घालून होते.

म्हणजे तुझं काम आता सोपं झालं आणि अवघडही. मार्चपर्यंत गाडी मूळ होऊ शकते. इंजिन आहे, बेअरिंग तुझ्याकडे आहेत, डबे आहेत, आणि कारखान्याचं कापड जागेवर आहे. फक्त बाबांचे टाके काढायचे. ते मी काढणार नाही. मी त्या चार टाक्यांतसुद्धा परत दोरा घातला. तुला काढायचे असतील तर तू ये आणि तुझ्या हाताने काढ, मी आडवी येणार नाही आणि नंतर एका शब्दाने बोलून दाखवणार नाही. न काढता तशीच मेळाव्यात नेलीस आणि तुझ्याच नियमाने तुझेच गुण गेले, तरी मी हसणार नाही. म्हणजे फार हसणार नाही.

गाडी तुझी. हे आमचं दोघांचं बोलून झालंय. तेवीस तारीख झाली की डॉक्टर टेम्पोचं इंजिन काढायला घेणार म्हणतात, आणि तू हजर असलास तर दोघं मिळून जुनं बसवा. त्यांनी एकही भोक पाडलेलं नाही, त्यामुळे पावाच्या टेम्पोचा मागमूससुद्धा राहणार नाही. जाताना तुला तुझी जुनी गाडी मिळेल.

माझं मात्र तसं नाही, भोंग्या. गाडीचं सगळं उलटं फिरवता येतं. हे नाही येणार, आणि मला ते फिरवायचंही नाही. तुला बघवेल की नाही याची वाट बघत थांबायला आता माझ्याकडे तेवढी वर्षं नाहीत. एवढं एक सोडून तू मागशील ते देते.

आणि मला एक तुझ्याकडून हवंय. कचेरीत तीन साक्षीदार लागतात. त्यांच्याकडून त्यांची मुलगी आणि जावई सही करणार. माझ्याकडून कोण, असं कारकुनाने विचारलं तेव्हा मी म्हटलं, भाऊ. तो म्हणाला, येणार आहेत ना? मी म्हटलं, लिहा तुम्ही. त्याने शिसपेन्सिलीने लिहिलं.

ती रेघ रिकामी ठेवून चालत नाही, म्हणून समोरच्या काकूंना सांगून ठेवलंय. त्यांनी नवीन चप्पल घेतलीय. पण त्यांना स्पष्ट बजावलंय, काकू, तुम्ही खुर्चीच्या कडेवर बसा. ऐन वेळी उठावं लागेल.

वाट बघते असं लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. बघते.

तुझी,
ताई